लांबून बघायची नदी

पितृपक्ष आला की मी विषय बदलतो. घरात कुणी जुन्या इंदूरची गोष्ट काढली, तर मी गिरण्यांच्या भोंग्यांची सांगतो. मध्यभारत नावाचं एक राज्य होतं, त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायची आणि उन्हाळ्याला परत इथे यायची, दफ्तरांचे पेटारे आगगाडीत चढताना कारकुनांची कशी तारांबळ व्हायची, तेही रंगवून सांगतो. खान नदीची गोष्ट मात्र सांगत नाही. इतकी वर्षं टाळली, आणि टाळण्याचीही सवय होते.

यंदा सर्वपित्रीला तर्पण सांगताना गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं, "काका, आणखी कुणी राहिलं का? मित्र, स्नेही, कुणाचंही नाव चालतं."

दरवर्षी मी मान हलवतो. यंदा ओंजळीत पाणी घेऊन तसाच बसलो. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं, नाव काही तोंडातून निघालं नाही. गुरुजींना पुढे दोन घरं होती. ते म्हणाले, "राहू द्या," आणि उठले. मीही उठलो आणि लिहायला बसलो.

बाहेर नातीने दाराशेजारी संजा चिकटवली आहे. बाजारात आता छापील मिळते, चकचकीत कागदावर. चंद्र, सूर्य, रथ, किल्ला, सगळं एकदमच. पूर्वी पोरी ती शेणाने भिंतीवर काढायच्या. रोज नवी आकृती, तिच्यावर गुलबक्षीच्या, तेरड्याच्या, कण्हेरीच्या पाकळ्या टोचायच्या, संध्याकाळी आरती, गाणी, प्रसाद. सोळा दिवस हे चालायचं आणि अमावास्येला सगळं खरवडून नदीत सोडायचं. आम्हा मराठी घरांत ही रीत नव्हती, ती माळव्यातल्या पोरींची. पण शेजारची संजा बघता बघता आमच्या बहिणींनाही तिचा नाद लागला. तशी दिगूची बहीण शालू. आणि दिगूचं सगळं त्या संजेतूनच सुरू झालं, असं मला वाटतं. माझं सगळं दिगूपासून सुरू झालं.

दिगू खानदेशातून आला होता. वडील गिरणीत कारकून. मल्हारगंजात आमच्या घराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. आम्ही जुने, आमचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घरात एक गंजकी तलवार होती आणि ती दाखवायची तर पाहुण्यांना आधी चहा द्यायची पद्धत होती. दिगूने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाऊऐवजी भिया म्हणायच्या आमच्या इंदुरी ढंगात म्हणाला, "हिने तर भाजीसुद्धा चिरायची नाही, भिया." त्या दिवसापासून तो मला सरदार म्हणायला लागला.

आम्ही दोघं एकाच चित्रकलेच्या वर्गात. वर्ग एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरायचा. लांबरुंद हॉल, उत्तरेला खिडक्या, टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास. तो वास अजून कुठे आला की मला आधी माझी चित्रं आठवत नाहीत. दिगूची कोपरं आठवतात. चित्र काढताना त्याची कोपरं हलायची, पीठ मळणाऱ्या बाईसारखी. माझा हात मनगटाच्या वर हलत नसे. सर माझं कौतुक करायचे. "हात बघा याचा, रेघ बघा." मला ते पुरत होतं, दिगू येईपर्यंत.

सरांनी एकदा एका विलायती पुस्तकातलं रंगीत पान दाखवलं. फ्रान्समधल्या कुणा चित्रकाराने काढलेली नदी, पहाटेची. धुकं, पाण्यावर केशरी रंगाचे चार फटकारे, एक होडी, तीही धड होडी नाही. वर्गात कुणी हसलं. मीही म्हणालो, "सर, हे अर्धवट राहिलंय का?" दिगूने पुस्तक सरांच्या हातातून घेतलं, पार दाराशी खुर्चीवर उघडं ठेवलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"इकडे ये, सरदार. तिथे काय चिकटून राहिला आहेस? इथून बघ."

मी गेलो. इथून नदी होती. पाणी हलत होतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"यात काय कळायचं? शालूची संजा जवळून बघ, शेण आणि फुलं. गल्लीच्या तोंडाशी उभा राहा, रथ दिसतो. तीच तर गोष्ट आहे."

त्या क्षणी मला जे झालं त्याला त्या वेळी मी नाव दिलं नाही. आज देतो. मत्सर. मी जन्मापासून या शहरात होतो. मी त्याच्या दुप्पट संजा पाहिल्या होत्या. माझ्याही गल्लीला तोंड होतं.

मग आला तो भाद्रपद-आश्विन. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, नदीला भरपूर पाणी. आज ज्यांनी खान नदीचा नालाच पाहिला त्यांना मी सांगितलं की कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांच्या त्या दगडी समाध्या, त्या पाण्यात दगडन्‌दगड उमटायच्या, तर ते आदराने मान डोलावतात. म्हातारा सांगतोय, असू दे. पण उमटायच्या. सकाळी पाणी आधी राखाडी असायचं, मग कबुतराच्या गळ्यासारखं व्हायचं, मग त्यात कुठूनसं गुलाबी यायचं आणि छत्रीचा कळस पाण्यात आधी उजळायचा, वर नंतर. हेही दिगूनेच दाखवलं. त्याने दाखवलं नसतं तर मला दिसलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचो आणि उत्तर येण्याआधी झोपी जायचो.

आम्ही रोज पहाटे नदीवर बसायचो. मी एक मोठा, छान ताणलेला कॅनव्हास घेऊन. तो चहाच्या खोक्याच्या फळ्या घेऊन, सरेस आणि खडू लावून पांढऱ्या केलेल्या. त्यांना तो पाट्या म्हणायचा. चार पाट्या, चार प्रकाशांच्या. धुकं असेतो एक. ऊन छत्रीच्या पायरीला लागलं की ती खाली, दुसरी वर. काम रंगात आलेलं असलं तरी तो हात थांबवायचा. "प्रकाश गेला. पाटी बदल." दुसऱ्या दिवशी तोच प्रकाश आला की तीच पाटी पुन्हा वर. मला ते पोरकट वाटायचं. मी माझ्या एकाच कॅनव्हासवर पहाटेपासून उन्हं तापेपर्यंत काम करायचो, घाम पुसत, चिकाटीने.

एकदा तो मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सरदार, तुझ्या नदीत डाव्या बाजूला सकाळ झाली आहे आणि उजव्या बाजूला दुपार. मधे कुठे जेवण झालं का?"

शेजारी कपडे आपटणारे धोबी हसले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण हसले.

मी सावल्या दुरुस्त केल्या. पाणी गुळगुळीत केलं, रुंद कोरड्या ब्रशने, एकही फटकारा दिसू नये असं. तो पुन्हा आला. "आता बरी आहे. आता इस्त्री केलेली आहे." आणि जाताना माझ्या पांढऱ्या रंगाची नळी उचलून घेऊन गेला. ती त्याने कधी परत दिली नाही. हेही लिहून ठेवतो. तो काही संत नव्हता. लोकांच्या नळ्या घ्यायचा, तोंडाला येईल ते बोलायचा, काम चांगलं झालं की बेसूर गुणगुणत राहायचा. त्या गुणगुणण्यावरूनच मला पाठमोरं कळायचं की आज पाटी जमली. पाठमोरं बसून दुसऱ्याचं गुणगुणणं ऐकणं ही काय शिक्षा असते, ती भोगल्याशिवाय कळत नाही.

मला त्याच्या डोळ्यांचा हेवा वाटायचा, हे तर झालंच. पण हेवा एका जागी थांबत नाही, पाण्यासारखा सखल जागा शोधत जातो. मला त्याच्या फाटक्या सदऱ्याचा हेवा वाटायला लागला, कारण त्यावर रंग सांडला तरी कुणी रागवत नव्हतं. त्याच्या दोन खोल्यांचा वाटायला लागला. संध्याकाळी शालू संजेवर पाकळ्या लावताना ओरडायची, "दादा, इथे पिवळं की लाल?" आणि तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन, डोळे बारीक करून सांगायचा, "पिवळं. पण एकच. आता हट बाजूला, बघू दे." माझ्या घरात मला असं कुणी काही विचारत नव्हतं.

दसरा झाला. सरांनी सांगितलं की ग्वाल्हेरहून एक मोठे पाहुणे येणार, आपल्या वर्गाचं प्रदर्शन बघणार. ते निवडतील ते एक चित्र ग्वाल्हेरला जाईल आणि ज्याचं चित्र जाईल त्याला मुंबईला शिकायला पाठवतील, राहण्याखाण्यासकट. एकच जागा. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळ्यांनी दिगूकडे बघितलं, एवढंच.

दिगूने चारांतली पहिली पाटी द्यायची ठरवली, धुक्याची. ती संपली त्या सकाळी त्याने ती एका छत्रीच्या पायरीवर टेकवून ठेवली आणि मला हाताला धरून मागे मागे नेलं, पार पुलाच्या कठड्यापर्यंत. "आता वळ."

मी वळलो. समोर नदी होती आणि नदीच्या काठावर एवढीशी नदी होती. आणि खरी कुठली हे मला, देवाशपथ, क्षणभर कळलं नाही.

"इथवर यायला लागतं," तो म्हणाला. "जवळून सगळ्या चिंध्या आहेत."

त्याने मला त्याच्या चित्राची किल्ली दिली होती. मित्र म्हणून दिली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सर पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि चित्रं लावायचं काम माझ्याकडे देऊन गेले. माझी रेघ सरळ म्हणून. दिगू उशिरा येणार होता, वडिलांचा डबा गिरणीत पोचवून. मी हातोडी घेतली. हॉलची मोठी भिंत माझ्यासमोर होती, खिडक्यांच्या बरोबर समोर, हवं तेवढं मागे सरायला मोकळी. मी तिच्यावर माझी इस्त्री केलेली नदी लावली. तिच्या दोन्ही बाजूंना लोकांची वांगी, सुरया, पितळी तांबे लावले. ऐसपैस लावले. दोन चित्रांमध्ये तिसरं सहज मावेल इतकी भिंत सोडत गेलो, आणि सोडतो आहे हे मला माहीत होतं.

हॉलमधून जिन्याकडे जाणारा एक बोळ होता. समोरासमोर दोन भिंती, हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. दिगूची पाटी मी तिथे लावली. सरळ लावली. एका बाजूलाही कलू दिली नाही.

तो आला, हॉलमध्ये फिरला, मग बोळात मला सापडला.

"इथे का रे?"

"हॉलमध्ये जागाच उरली नाही, भिया. आणि तुझा रंगही अजून ओला आहे. गर्दीत कुणाची बाही घासली असती."

तो समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. डोकं मागे रेटलं, दगडातून मागे जाता येईल का बघितल्यासारखं. मग हसला. "इथून तर मलाच चिंध्या दिसून राहिल्या आहेत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, असू दे. टांगलीस तर खरी."

पाहुणे आले. मोठ्या भिंतीपुढे रमले. माझ्या नदीपुढे थांबून म्हणाले, "वाह, पानी तो देखिए, शीशा है शीशा." मग जाता जाता बोळात आले. त्यांचं नाक पाटीपासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"और ये? ये तो भई किसी ने ब्रश पोंछ के टाँग दिया है."

माणसं अशा वेळी वाट बघतात, कुणीतरी आधी हसायची. आधी मी हसलो. मग सगळे हसले.

पाहुणे खाली उतरल्यावर सर परत वर आले. बोळाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही इथे कुणी लावली?"

उत्तर दिगूने दिलं. "मीच म्हटलं होतं, सर. रंग ओला आहे, गर्दीत कुणाची बाही घासली असती."

माझं खोटं त्याने शब्दासकट उचललं आणि आपलं म्हणून सांगितलं. माझ्या पांढऱ्या रंगाच्या नळीसारखं. सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाहुण्यांच्या मागे जिना उतरले. त्याने तसं का केलं हे मी त्याला विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला काहीतरी सांगावं लागलं असतं.

मी मुंबईला गेलो. दिगू त्याच थंडीत गिरणीत कारकून म्हणून चिकटला. आता वाटेल की माझा हेवा तिथे संपला असेल. उलट झालं. मुंबईत मास्तर तसलीच ठिपक्याफटकाऱ्यांची चित्रं दाखवायचे आणि माझं पाणी बघून नाक मुरडायचे. एक दिवस चिडून मी आठवणीतून खान नदी काढली, धुक्यातली, चिंध्यांची. मास्तर मागे मागे गेले आणि म्हणाले, "हे कुठे शिकलास?" मी म्हणालो, "आपलं आपणच." आयुष्यात माझ्या कुठल्याही चित्राची झाली नाही एवढी स्तुती त्या चित्राची झाली आणि त्यातला शब्दन्‌शब्द दिगूच्या पत्त्यावर चालला होता. मी पुन्हा तसं चित्र काढलं नाही. परत येऊन हुबेहूब माणसं काढत राहिलो. शेटजी, वकील, स्वर्गवासी वडील. गुळगुळीत. लोकांना आवडली, घर चाललं, नाव झालं. रस्त्यात दिगू दिसला तर मी सायकलवरून हात करायचो. तोही करायचा. त्याच्या पिशवीतून ब्रशांची टोकं डोकावत असली की माझा तो दिवस वाया जायचा.

काही वर्षांपूर्वी, असाच संजेचा मोसम होता, मी ठरवून त्याच्या घरी गेलो. अन्नपूर्णेच्या देवळाकडे, रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर एक लांबट अरुंद खोली. बायको गेलेली. एकटाच होता, मोतीबिंदू काढलेला, हात थोडे थरथरणारे.

"या सरदार," तो म्हणाला, जणू काल भेटलो होतो. "तलवार आणली का?"

चहा झाला. गुडघे झाले, शालूची नातवंडं झाली. मी बोलायचं वाक्य घरून घासूनपुसून आणलं होतं, ते कपाबरोबर हातात धरून बसलो. आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर ती पाटी. खिडकीच्या समोर. खोली इतकी अरुंद की माझे गुडघे जवळजवळ त्या भिंतीला लागत होते. पुन्हा बोळच. मी बघत होतो आणि मला रंगाच्या चिंध्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

तो माझ्याकडे बघत होता. "इथून नाही दिसायची," तो म्हणाला. उठला, खिडकीची दोन्ही दारं उघडली, खोलीतला दिवा लावला. "खाली जा. रस्ता ओलांड, पलीकडच्या फुटपाथवर उभा राहा. मी रोज संध्याकाळी दूध आणायला जातो तेव्हा तिथूनच बघतो. किती लांबून बघायचं ते तुला काय सांगायचं?"

मी जिना उतरलो. उतरताना ते शेवटचं वाक्य प्रत्येक पायरीवर पुन्हा ऐकू आलं. रिक्षा, स्कूटरी, फुलांचे हातगाडे यांतून रस्ता ओलांडला आणि वळलो.

खिडकीच्या चौकटीत नदी होती. धुकं होतं, आणि धुक्यातून छत्रीचा कळस पाण्यात आधी उजळत होता. बाहेर संध्याकाळ होत होती आणि तिथे पहाट होत होती. खरं सांगायला बसलो आहे तर सगळंच खरं सांगतो. त्याही वेळी, त्या वयात, आधी आली ती असूयाच. हे माझं नाही. मग मात्र, तिच्या मागून, दुसरं काहीतरी आलं.

दिगू खिडकीत येऊन उभा राहिला. चित्र झाकलं जाऊ नये म्हणून एका बाजूला, अंग चोरून. त्याने हात कानाशी नेला आणि मान झुकवली. काय?

मी तोंड उघडलं. मधून एक बस गेली. बस गेल्यावर तो तसाच उभा होता, कानाशी हात धरून, वाट बघत.

"दिसली!" मी ओरडलो. "दिसली रे, भिया!"

तो हात तसाच कानाशी धरून आणखी थोडा वेळ थांबला. मग हात खाली घेतला, मान हलवली आणि हसला. मी तिथूनच घरी आलो, वर गेलो नाही. पुढची संजा भिंतीवर चढायच्या आत तो गेला.

दिसली हे काही मी सांगायला गेलो नव्हतो. ती तर मला पुलाच्या कठड्यापाशी पहिल्याच दिवशी दिसली होती. मला त्या रस्त्यावरून ओरडून दुसरंच सांगायचं होतं, आणि ते दोन शब्दांचं होतं, बसच्या आवाजातही पोचलं असतं.

दिगू, जागा होती.